सुभेदारांना न चालणाऱ्या गोळ्या

सुभेदार रंगरावांच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी तुमची झडती होते.

थट्टा नाही करत. माझी झालेली आहे. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन विट्याजवळच्या या गावात आले, दवाखाना थाटला, आणि पाटीचा रंग वाळतोय न वाळतोय तोवर सुभेदारांच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या बायकोला, शालनकाकींना, ताप भरला होता. मी बॅग घेऊन लगबगीनं फाटकाशी पोचले, तर आत एक ताठ गृहस्थ उभे. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, पिळदार मिशा आणि वर नुसता बनियन.

“थांबा,” ते म्हणाले. “पर्स.”

“काय?”

“पर्स उघडा, डाक्टर साब. आत गोळ्या असतील त्या भाईर काढा. मग ती ब्याग.”

मला वाटलं, चुकून पोलीस ठाण्यात आले की काय! अहो, मी डॉक्टर! माझ्या बॅगेत गोळ्या नसतील तर काय हरभरे असतील? तसं मी बोललेही. माणूस जागचा हलला नाही. फाटकाच्या खांबाला पत्र्याची एक पेटी ठोकलेली होती. तिचं झाकण उघडून त्यांनी माझी एकेक पट्टी हातात घेतली, लांब धरून नाव वाचलं आणि निकाल दिला. “ही चालंल. ही न्हाई. ही बी न्हाई.” डोकं दुखलं तर असावी म्हणून ठेवलेली माझी स्वतःची गोळीसुद्धा त्या पेटीत गेली.

“ह्या घरात पेनिसिलीन बंद,” पाय जोडून, छाती काढून ते म्हणाले. “सल्फा बंद. डायक्लो बंद. ॲस्पिरिन बंद. हिला चालत न्हाई, मलाबी चालत न्हाई. कोई शक?”

हे ‘कोई शक’ त्यांच्या पलटणीतलं. हुकूम सांगून झाला की शेवटी विचारायचं, आणि समोरच्यानं शंका घ्यायची नाही, अशी ती पद्धत. मला शंकाच शंका होत्या, पण आत काकी तापानं फणफणल्या होत्या, म्हणून गप्प बसले. निघताना पेटीतलं सगळं सामान परत मिळालं आणि वर कडक सलाम मिळाला.

सुभेदारांचं घर ओढ्यापलीकडे, आणि ओढा ही जिल्ह्याची हद्द. म्हणजे घर सातारा जिल्ह्यात, ऊस सांगली जिल्ह्यात आणि दवाखाना माझा. त्यामुळे ते माझ्याकडे यायचे तेही परदेशात आल्यासारखे. दारात उभे राहून आधी “आत येऊ का?” आणि आत आल्यावर खुर्चीवर न बसता पुन्हा सगळी हजेरी. पेनिसिलीन बंद, सल्फा बंद, डायक्लो बंद, ॲस्पिरिन बंद. बाकावर बसलेल्या पेशंटांना ती पाठ झाली होती. ‘डायक्लो’ म्हटलं की कोपऱ्यातून कुणीतरी ‘बंद’ म्हणायचं.

मी तर सुरुवातीला हादरूनच गेले होते. एका माणसाला इतक्या औषधांची ॲलर्जी असू शकते, मान्य. पण नवरा आणि बायको, दोघांना, आणि तीही अगदी त्याच त्याच औषधांची? मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “लोकांच्या पत्रिका जुळतात, ह्यांच्या ॲलर्ज्या जुळल्यात!” सांगलीला माझी वर्गमैत्रीण नीता मोठ्या दवाखान्यात आहे, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “काहीतरीच काय, नीट विचारून बघ.”

विचारलं. एक दिवस त्यांना बळंच खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, “सुभेदार, नेमकं काय होतं ते सांगा. खाज सुटते की नुसती मळमळ?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं.

“आधी तळहाताला खाज सुटती,” ते म्हणाले. “मग अंगावर गांधी उठत्यात, पाठीपासनं गळ्यापतुर. मग ओठ जड हुत्यात. बटाटवड्याएवढं हुत्यात. डोळं मिटत्यात, उघडाय गेलं तर उघडत न्हाईत. मग आवाज बसतो. बोलायचं असतंय, पर आवाजच न्हाई...” आणि तिथे त्यांचाच आवाज बसला. “बस. एवढंच.”

हे ऐकल्यावर कुठला डॉक्टर त्या माणसाला ती गोळी देईल? मी नाही दिली. कुणीच दिली नसती. जे पाहिलेलं नाही ते इतकं बारीक कुणाला सांगता येत नाही, हे मला कळत होतं.

तुम्हाला वाटेल, दहा हजार औषधांतली चार गेली तर बिघडलं कुठे? बिघडतं. एक नाव बंद झालं की त्याचं अख्खं खानदान बंद होतं. ॲस्पिरिन गेलं की दुखण्यावरच्या निम्म्या गोळ्या त्याच्या मागोमाग जातात. पेनिसिलीन गेलं की जखम, घसा, छाती, सगळीकडे विचार करत बसायचं. त्या दोघांना साधा खोकला झाला तरी मी पुस्तक उघडून बसायची. ह्यानं काकींना काही होईल का, ते सुभेदारांच्या वयाला सोसेल का. जे उरायचं ते एक तर महाग, नाहीतर कडू, नाहीतर पोट बिघडवणारं. शेवटी माझ्या हातात राहायची ती बिचारी पॅरासिटामॉल. सुभेदारांची कंबर धरली, पॅरासिटामॉल. गुडघा सुजला, पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. ती पिशवीसुद्धा आत नेण्यापूर्वी त्यांनी उलटी करून बघितली होती.

दाढ काढली तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. दाढ किडून गाल फुगला, विट्याला जाऊन काढून आले. मी बघायला गेले तर मिशीत घाम, डोळे लाल, आणि माणूस फाटकात सावधानमध्ये उभा.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“दुखतंय, पर रिपोर्ट करण्याजोगं न्हाई.”

मला रडू यायचंच बाकी राहिलं. एका साध्या गोळीनं थांबलं असतं हो ते! काकी चुलीपाशी बसून राखेत बोटानं रेघोट्या ओढत होत्या. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

आणि नियम फक्त माणसांना असते तरी मी समजू शकले असते. त्यांच्या म्हशीच्या कासेला सूज आली. ढोरांचा डॉक्टर आला, इंजेक्शन भरलं, आणि सुभेदारांनी त्याचा हात धरला. “कुठलं हाय?” तो म्हणाला, पेनिसिलीन. झालं! “म्हशीला द्या, पर आधी म्हस घराभाईर काढा.” म्हैस बरी होऊन त्याला कित्येक दिवस लोटले तरी तिचं दूध ह्यांनी घरात येऊ दिलं नाही. रोज धार काढायची आणि ओढ्यात ओतायची. अख्खा गाव बघायला जमायचा. शेवटी मीच सांगितलं की आता दुधात काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी काकींच्या चहात आधी दुधाचे दोनच थेंब टाकले, तास-दीड तास घड्याळ बघत बसले, आणि मग घरात दूध सुरू झालं. तेव्हा मी हसले होते. म्हटलं, काय हा भित्रा शिपाई!

पुतणीच्या लग्नात कहर झाला. वऱ्हाड आटपाडीकडचं, मानपानाला कडक. मुलाचे वडील फाटकाशी आले, त्यांना ओवाळायला बायका ताट घेऊन उभ्या, आणि मध्ये सुभेदार. “पावणं, खिसं.” पाव्हण्यांना वाटलं, आहेराचं काही असेल. त्यांनी हसतहसत कोटात हात घातला, तर सुभेदारांनी आतून दोन पट्ट्या काढल्या. एक रक्तदाबाची, ती परत दिली. दुसरी ॲस्पिरिनची, हृदयासाठी दिलेली, ती पेटीत टाकली. व्याही जे भडकले! “आमी काय चोर हाय व्हय?” लग्न मोडायची पाळी. मी मध्ये पडले, पाव्हण्यांना बाजूला नेलं, सांगितलं की ह्या घरात दोघांच्या जिवाशी खेळ आहे. ते शांत झाले, पण जेवायला बसले ते फाटकाबाहेर. तिथेच त्यांचं ताट मांडलं, तिथेच त्यांना गोळी दिली. सुभेदार स्वतः वाढायला उभे. “जिलबी घ्या, पावणं. जिलबीला बंदी न्हाई.”

आता एवढी कडक तपासणी करणाऱ्या माणसाच्या घरात एक विष राजरोस नांदत होतं, ते म्हणजे काकींची मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. सकाळी दात घासायला, दुपारी जेवल्यावर, आणि मग काही कारण नसताना. कमरेच्या पिशवीत डबी कायम. मी ओरडून ओरडून थकले. “काकी, तोंडाचा कॅन्सर होतो!” त्या गोड हसायच्या. “जीव जाईल, म्याडम, पर मिश्री न्हाई जायची.” मी सुभेदारांना म्हणायची, “माझी गोळी बाहेर आणि ही डबी आत? कुठला न्याय हा?” ते मिशीवर हात फिरवायचे. “तिची एकच तर हौस हाय, डाक्टर साब.”

सोडायचं म्हटलं की आमच्या भागात दुसराच घोळ असतो. इथं लोक डॉक्टरसाठी काही सोडत नाहीत, देवासाठी सोडतात. कुणी मुलाच्या दुखण्यात केळं सोडलंय, कुणी नवऱ्याच्या बदलीसाठी पडवळ. माझ्या सासूबाईंनी नणंदेच्या बाळंतपणात पेरू सोडला, तो आजतागायत शिवल्या नाहीत. आणि कशासाठी सोडलं ते सांगायचं नाही, सांगितलं की नवस वाया गेला. मधुमेहाच्या पेशंटला मी म्हणते साखर सोडा, तर तो म्हणतो, “म्याडम, केळं आधीच सोडलंय, आता आनिक किती सोडू?” अशा गावात मी प्रॅक्टिस करते. मला मेडल मिळायला पाहिजे.

तर गेल्या हिवाळ्यात सुभेदारांचा ऊस तुटून गेला. तोडणीनंतर रानात बुडखे राहतात, टोकदार. सुभेदार पाणी पाजायला गेले आणि चिखलात पॉलिश खराब होऊ नये म्हणून बूट बांधावर काढून ठेवले. बूट वाचले. बुडखा तळपायात घुसला. ह्यांनी घरी येऊन फडकं बांधलं, वर मोजा, वर बूट, आणि रिपोर्ट केला नाही. काकींना वास आला तेव्हा त्यांनी बूट ओढून काढला आणि ह्यांना सरळ माझ्यापुढे आणून बसवलं.

मी फडकं सोडलं. घोटा लालभडक, तापलेला, आणि लाली पोटरीवर चढत होती. चालण्याजोगी औषधं माझ्याकडे होती ती दिली, रोज येऊन बघितलं. लाली थांबेना. अंगात थंडी वाजायला लागली तशी मी म्हटलं, बास, आता सांगली.

सांगलीच्या दवाखान्यात तरी हा माणूस गप्प पडेल असं मला वाटलं होतं. छे! तापानं डोळे तारवटलेत, पाय उशीवर, आणि वॉर्डाच्या दारात औषधांची गाडी दिसली की हे कॉटवरून गरजायचे, “सिस्टर, गाडी तिथंच थांबवा!” त्यांच्या उशाशी काकी बसल्या होत्या, काकींच्या अन् गाडीच्या मध्ये सुभेदारांनी आपला हात आडवा धरला होता. सिस्टर बिचारी माझ्याकडे बघायची. मी हात जोडायची.

तिसऱ्या दिवशी नीतानं मला बाजूला घेतलं. जखमेतला जंतू कुठल्या औषधाला भितो ते कळलं होतं, आणि ते नेमकं पेनिसिलीनच्या घराण्यातलं. बाकीच्यांतलं एक लागू पडत नव्हतं. दुसरं मूत्रपिंडाला जड, आणि सुभेदारांचं मूत्रपिंड आधीच कुरकुरत होतं.

“उतार नाही पडला तर पाय काढावा लागेल,” नीता म्हणाली. “आणि उशीर झाला तर पाय काढूनही उपयोग नाही. मला त्यांची ॲलर्जी मुळापासून समजून घ्यायची आहे. कधीकधी खरी नसतेच ती.”

“खरी आहे गं. त्यांनी सांगितलंय मला.”

“मला सांगू दे त्यांना.”

आम्ही दोघी कॉटशी गेलो. नीतानं स्टूल ओढलं. “सुभेदारसाहेब, पहिली रिॲक्शन कशानं आली?”

“दुखण्याच्या गोळीनं.” मग तेच सगळं. तळहाताला खाज, गांधी, ओठ, डोळे, आवाज. आणि थांबले.

नीता थांबू देणारी नव्हे. “आणि पुढे?”

“बस. एवढंच.”

“एवढंच कसं? कुणी दवाखान्यात नेलं, वाटेत काय झालं? सगळं सांगा.”

सुभेदार छताकडे बघत होते. ताप चढलेला. मला वाटतं, ते आमच्यासमोर नव्हतेच त्या वेळी. “जीप मिळंना,” ते म्हणाले. “हात सुजाय लागलं. मनगट असं तट्ट फुगलं. लोकं म्हणाली, हात काळा पडतोय, बांगड्या फोडा. मग बांगड्या फोडल्या.”

नीतानं माझ्याकडे बघितलं. मी नीताकडे.

“सुभेदार,” मी म्हटलं, “कुणाच्या बांगड्या?”

शेजारच्या कॉटवर कुणीतरी मोबाइलवर कीर्तन लावलं होतं. सुभेदारांनी मान भिंतीकडे फिरवली. आणि काकी, ज्या मिश्रीचा विषय सोडला तर माझ्यासमोर वर्षानुवर्षं चार शब्दांवर बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, “माझ्या.”

“तू गप!”

“लय दिस गप बसली. म्याडम, ह्यास्नी कायबी हुत न्हाई. सगळं माझं हाय.”

मी खालीच बसले. नीतानं सरकवलेल्या स्टुलावर बसले म्हणून बरं, नाहीतर फरशीवर बसले असते. अहो, इतकी वर्षं! ती कंबर, तो गुडघा, ती दाढ! हा धडधाकट माणूस, पोलादासारखं कातडं, आणि मी ह्याला रात्रंदिवस पॅरासिटामॉल पाजत बसले! मला राग आला, हसू आलं, आणि तोंडातून काय निघालं तर, “बाई बाई बाई!”

सुभेदारांना आता लपवायला काही राहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड ठेवूनच ते बोलले. “सुट्टीवर आलो हुतो. पाठ धरली म्हणून पलटणीतनं आणलेली गोळी खाल्ली. हिची दाढ ठणकत हुती. म्हणलं, तूबी घे एक. मी दिली, डाक्टर साब. माझ्या हातानं. पाण्याचा पेला बी मीच धरला तोंडाला. एकाच पट्टीतली गोळी. मला काय झालं न्हाई. आन हिच्या बांगड्या... जित्या नवऱ्यानं बायकूच्या बांगड्या फोडल्या. तवाच म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दिशेला तोंड करून बोललो, नाथबाबा, हिला वाचीव. हिला जे चालत न्हाई ते मी जिता हाय तवर तोंडात घेणार न्हाई. पुढं हिला पेनिसिलीन बाधलं, सल्फा बाधलं. तेबी सोडलं.”

“आणि आम्हाला ॲलर्जी म्हणून सांगितलंत?”

“नवस सांगत्यात व्हय? आन पलटणीत सगळ्यास्नी एकच मेस असती. एका घरात एकाला चालतंय आन एकाला न्हाई, हे बरं न्हवं.” मग हळू आवाजात, “गोळी घरातच आली न्हाई, तर चुकून बी कुणी तिला देणार न्हाई.”

आता मला ती पेटी कळली. ती म्हैस कळली. मी मुकाट्यानं नाक पुसलं.

काकी म्हणाल्या, “मला ठावं हुतं.”

सुभेदार गर्रकन वळले. “कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? त्या दिशी तुमी गोळी गिळताना मी न्हाई बघितलं? दाढ काढली तवा उशीत तोंड घालून कण्हत हुता, तवा मला ऐकू येत नव्हतं व्हय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोललं की मोडतंय.” काकींनी पदर तोंडाशी नेला. “आन... बरं वाटायचं मला. माझ्यापायी कुणी एवढं सोडलंय म्हणून.”

मी पुन्हा नाक पुसायला लागले. नीता मात्र डॉक्टर होती, ती पुढे सरकली. “म्हणजे पेनिसिलीन तुम्ही पूर्वी घेतलंय?”

“पलटणीत लय वेळा.”

“मग प्रश्नच मिटला! अगदी थोडं देऊन बघू, काही झालं नाही तर आजच सुरू करू.”

“न्हाई,” सुभेदार म्हणाले.

“न्हाई म्हणजे?”

“पाय काढा. पाय माझा हाय. मी बोललेलं मोडलं आन तिला काय झालं तर? तुमी देणार व्हय परत आणून?”

मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मूर्ख म्हटलं, हटवादी म्हटलं. म्हटलं, पाय तुमचा असेल पण कुंकू कुणाचं आहे? तुम्ही गेल्यावर त्या फाटकात कोण उभं राहणार आहे, मी? म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. त्यांची पाचावर धारण बसली होती हो. सरहद्दीवर राहून आलेला माणूस, आणि एका चमचाभर औषधाला घाबरून घामाघूम झाला होता.

काकी उठल्या. कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून ती काळी डबी काढली आणि म्हसवड कुठल्या बाजूला ते मला विचारलं. मी खिडकीकडे अंदाजानं हात केला. त्यांनी डबी कपाळाला लावली.

“नाथबाबा, ह्यांनी माझ्यासाठी सोडलेलं माघारी दे. त्याच्या बदली मी मिश्री सोडली. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं.” आणि डबी कॉटखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. टण्णकन आवाज झाला. माझा विश्वास बसेना. जीव जाईल पण जायची नाही म्हणणारी ती मिश्री! मी इतकी वर्षं घसा फोडला, चित्रं दाखवली, भीती घातली, आणि इथे एका वाक्यात काम!

मग काकी नवऱ्याकडे वळल्या. कमरेवर हात ठेवला.

“कोई शक?”

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते सुभेदारांनीच अख्ख्या गावाला शिकवलं होतं.

“न्हाई,” ते म्हणाले. “शक न्हाई.”

नीतानं तयारी केली. काही उलट झालंच तर देण्याचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे सुभेदारांच्या उशाशी. पातळ औषधाचे दोन थेंब चमच्यात घेतले. सुभेदारांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला, चांगभलं म्हटलं, डोळे मिटले आणि औषध गिळलं. नीताची बोटं त्यांच्या नाडीवर. मी वाकून त्यांचा गळा, छाती, ओठ बघायला लागले.

“डाक्टर साब,” ते करड्या आवाजात म्हणाले, “माझ्याकडं काय बघताय? मला काय हुतंय! तिच्याकडं बघा.”

ते स्वतः तेच करत होते. काकींच्या तोंडावरून त्यांची नजर हलत नव्हती. “ते इंजेक्शन इकडं न्हाई, तिकडं ठेवा. ओठ बघा तिचं. तळहात बघा. खाज सुटती का इचारा.”

नीतानं माझ्याकडे बघितलं. एवढी शिकलेली मी, मला काय करायचं ते ठाऊक होतं. मी ट्रे उचलला, स्टूल उचललं, पलीकडे काकींच्या पुढ्यात जाऊन बसले आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. त्यांनी तळवे उघडे धरले, मला नीट दिसावेत म्हणून. नीता सुभेदारांची नाडी मोजत होती, आणि मी काकींचे ओठ बघत होते.

“रिपोर्ट?” सुभेदार थोड्या थोड्या वेळानं विचारायचे.

काकींचे ओठ थरथरत होते, पण सुजले नव्हते.

“ठीक आहे, सुभेदार,” मी दर वेळी सांगत राहिले. “त्यांना काही झालेलं नाही. ठीक आहेत त्या.”